चालेल म्हणण्याचे दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

हे पत्र लिहायला आईने सांगितलेलं नाही. ती पलीकडच्या खोलीत गुडघा शेकत बसली आहे आणि मी दुकानाची यादी करतेय असं तिला वाटतंय. तुझा पत्ता मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. चोरला म्हणालीस तरी हरकत नाही.

फोन केला असता, पण तू उचलणार नाहीस. मेसेज केला तर तो वाचल्याच्या दोन खुणा दिसतील आणि मी दिवसभर त्या खुणा बघत बसेन. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तू आईला दुपारीच का फोन करतेस तेही मला कळतं. दुपारी मी दुकानात असते. चार वर्षं कळतंय, मी काही म्हणत नाही. त्या रविवारच्या जेवणाबद्दलही आज काही लिहीत नाही. माझं तेव्हा फारसं चुकलं नव्हतं असं मला वाटतं, तुला वेगळं वाटतं, तो विषय तूर्त राहू दे.

मला तुला एकच विचारायचं आहे. तू कसं केलंस?

लग्न, म्हणजे. टोमणा नाही हा, खरंच विचारतेय. आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे की धाकटी कशालाही 'चालेल' म्हणते, कुणाचं मन मोडत नाही, म्हणून चोविसाव्या वर्षी सुखाने उजवली गेली. आणि थोरलीची जीभ म्हणजे कातर, म्हणून ती बेचाळिसाव्या वर्षीही आईच्या घरात. आत्या तर पाहुण्यांना माझी ओळखच अशी करून द्यायची, की ही मोठी, हिला सगळं स्पष्ट लागतं. मी हसायचे. पण मनातून मलाही ते पटलेलं आहे. गणिताच्या मास्तरांचं तुला आठवत असेल. आठ महिने ओळख झाल्यावर मी विचारलं, पुढे काय? ते म्हणाले, विचार करून सांगतो. मी म्हटलं, कुठल्या तारखेपर्यंत? तारीख काही आली नाही, मास्तरही आले नाहीत. नंतर ते फोटो काढणारे. त्यांना तर मी तारीखसुद्धा सुचवली होती.

आता तिसरे आलेत. लिफ्ट दुरुस्त करतात. उंच इमारतींच्या लिफ्ट, माळ्यावरची यंत्रं, ते सगळं. वय चव्वेचाळीस, लग्न राहून गेलेलं. राग कशाला म्हणतात हे बहुधा ठाऊक नसलेला माणूस.

ते कसे भेटले ते ऐक. माझ्या कामाची रीत तुला माहीत आहे. माणूस खुर्चीत बसतो, मी त्याच्या नाकावर जड चौकट चढवते, तिच्यात एक काच घालते, मग दुसरी, आणि विचारते, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? यंत्र अर्धंच सांगतं, उरलेलं त्या माणसाला स्वतः सांगावं लागतं. हे गृहस्थ प्रत्येक काचेला म्हणत होते, "दोन्ही छान आहेत." मागे बाकावर चार जण बसले होते, त्यांचा खोळंबा नको म्हणून. मीही घाईत होते. नंबर लिहिला, चष्मा करून दिला.

तीन आठवड्यांनी आले ते नाकावरच्या पट्ट्या घट्ट करून घ्यायला. दुकानाची पायरी चढताना त्यांनी दाराला धरलं ते मी बघितलं. परत खुर्चीत बसवलं. नंबर साफ चुकलेला. मी विचारलं, तीन आठवडे हे घालून काम कसं केलंत? तेव्हा खाली बघत म्हणाले की काम जुन्याच चष्म्यावर करतो, नवा फक्त तुमच्या दुकानावरून जाताना घालतो. का, तर मी दुकानाच्या काचेतून बाहेर बघितलं आणि जुनाच चष्मा दिसला तर मला वाईट वाटेल.

धाकटे, मी त्यांना भरपूर झापलं. या खुर्चीत सभ्यपणाला गुण मिळत नाहीत असं सुनावलं. मग आत जाऊन काचा पुसत उभी राहिले आणि मला रडू आलं. माझ्यासाठी एवढं मूर्खपणाचं काम आजवर कुणी केलं नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी येतात. एकदा स्क्रू सैल झाला म्हणून, एकदा काड्या वाकल्या म्हणून. आता सांगावं लागत नाही, नुसतेच येतात. आईला सगळं कळलंय. ती म्हणाली, "या वेळी तेवढं तोंड आवर. धाकटीसारखी वाग." मी तिला शब्द दिला आहे. म्हणून विचारतेय, तुझ्यासारखं म्हणजे नेमकं कसं वागायचं? तू काय म्हणायचीस? गप्प बसताना चेहरा कसा ठेवायचीस?

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. चालेल. बघ, सराव चालू आहे.

तुझ्यासारखं वागणं फार दमवणारं आहे. परवाच्या गुरुवारी दुकान बंद करून आम्ही चालत कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. त्यांनी विचारलं, चहा की कॉफी? मी म्हटलं, काहीही. ते म्हणाले, तुम्ही घ्याल ते. मी म्हटलं, मला दोन्ही आवडतं. ते म्हणाले, मलाही. वेटर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने आपल्या मनाने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला तो गेलाच. पूर्वीची मी असते तर बसायच्या आधी दोन कॉफी सांगून मोकळी झाले असते. आम्ही पाणी पीत बसलो.

ते पाणी पिता पिता त्यांनी सांगितलं. बंदराच्या शहरात एक मोठं इस्पितळ आहे, इथून रेल्वेने नऊ तास. तिथल्या सगळ्या लिफ्टची देखरेख त्यांच्याकडे द्यायचं म्हणतायत. हाताखाली सहा माणसं, राहायला जागा. पंधरा मार्चपर्यंत कळवायचं आहे. हे सगळं त्यांनी ग्लासाकडे बघत सांगितलं आणि मग वर बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. जाऊ नका. गेलात तर माझे गुरुवार कुठे जातील? पण आईला दिलेला शब्द आठवला, मास्तर आठवले, फोटोवाले आठवले. मी चेहरा शक्य तितका तुझ्यासारखा केला आणि म्हटलं, "तुम्हाला बरं वाटेल ते करा. माझं काय, काहीही चालेल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, बरं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती खूश. शहाणी झालीस म्हणाली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. सांगायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं, तू तसंही बोलत नाहीस. मला तो माणूस हवा आहे. त्याला चष्मा नाकावर सरकवायची सवय आहे ती हवी आहे, जिन्यात भेटलेल्या प्रत्येक म्हातारीची पिशवी उचलायची सवय हवी आहे, त्या सवयीने मला उशीर होतो तरी हवी आहे. आणि महिनाभरात तो नऊ तास लांब जाईल आणि मी दारात उभी राहून चालेल म्हणेन.

मी बरोबर केलं का? एवढं तरी सांग. एका ओळीत सांगितलंस तरी पुरे.

ताई

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

तुझं पत्र परवा आलं. मी एक ओळ मागितली होती, तू पाठपोट चार पानं लिहिलीस. तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे कललेलं आहे. पहिल्या वाचनात मला फक्त अक्षरच दिसलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मजकूर कळला. मग दुकानात 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावून मी अर्धा तास मागच्या खोलीत बसून राहिले.

तू लिहितेस, "ताई, मी गप्प राहिले म्हणून माझं लग्न झालं हे तुला कोणी सांगितलं? मीच त्याला विचारलं होतं. तीनदा."

कोणी सांगितलं? आईने, आत्याने, सगळ्यांनी. आणि मी कधी तुला विचारलंच नाही, कारण मला ते आधीच माहीत होतं. पहिल्यांदा विचारलंस तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा म्हणाला, घाई काय आहे. तिसऱ्यांदा तू कपडे धुवायच्या दुकानात, दोघांचे कपडे यंत्रात फिरत असताना म्हणालीस की चौथ्यांदा विचारणार नाही, हे कपडे वाळेपर्यंत सांग. मी तुझी बहीण, आणि मला हे सोळा वर्षांनी पत्रातून कळतंय. तू हे सगळं एवढ्या हळू आवाजात केलंस की घरात कुणाला ऐकूच आलं नाही.

आणि ते पुढचं वाक्य. ते मी एवढ्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "चहा कोणताही चालतो मला. खोली, पडदे, सुट्टीत कुठे जायचं, काहीही चालतं. माणूस कोणताही चालत नाही. तिथे मी कधीच चालेल म्हटलं नाही. तू माझ्यासारखी वागत नाहीयेस ताई, तू मी कशी आहे असं तुला वाटतं तशी वागतेयस."

तुझं बरोबर आहे. असं मी वर्षातून एकदा म्हणते, तारीख लिहून ठेव.

तिसरं पान आहे, त्यावर आत्तापर्यंत काही बोलले नाही. आता बोलते. इतक्या लांब जायचं तूच ठरवलं होतंस. नोकरी तुझी होती, त्याने तुझ्यासाठी त्याची सोडली. हे तुम्ही त्या रविवारी आम्हाला सांगणारच होतात, आणि सुरुवात त्याने करावी असं तुमचं ठरलं होतं, कारण आईला ते त्याच्या तोंडून ऐकणं सोपं जाईल. त्याने फक्त "आम्ही जायचं म्हणतोय" एवढं म्हटलं, तू "हो, चालेल मला" म्हणालीस, आणि मी तोंड उघडलं.

मी काय म्हणाले ते मी स्वतःलाही नेहमी अर्धंच सांगते. मी म्हणते, मी फक्त एवढंच म्हटलं की हिला जायचं नाहीये. ते अर्धं आहे. पूर्ण असं होतं: "हिला जायचं नाहीये, ही बोलणार नाही म्हणून मी सांगते. आणि तुझ्याशी लग्नसुद्धा हिने नाही म्हणता आलं नाही म्हणून केलं." भर जेवणात, त्याच्या तोंडावर, आईसमोर. तो ताटावरून उठला. तू म्हणालीस, "ताई, तू आता जा." तुझ्या आवाजात तेवढं कठीण मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, हे त्याने शिकवलेलं आहे. बघ, तेव्हाही मी तो आवाज तुझा मानला नाही.

तीन वेळा विचारून मिळवलेल्या माणसासमोर मी असं बोलले. चार वर्षं तू मला खोडून काढायलाही फोन केला नाहीस. मी तरी केला नसता.

अजून माफी मागत नाही. घाईघाईने मागितली तर तीही मी माझ्यासाठी मागितल्यासारखी होईल. पण चुकलं. 'फारसं' नाही, पूर्ण चुकलं.

पंधरा तारखेला अजून सोळा दिवस आहेत. गुरुवारी विचारते त्यांना.

ताई

१२ मार्च, गुरुवार

धाकटे,

गेल्या गुरुवारी विचारलं नाही. दुकानात गर्दी होती. नाही, गर्दी नव्हती. एक बाई आणि तिची आई होती, त्याही वीस मिनिटांत गेल्या. मी घाबरले. जन्मभर समोरच्याला तारखा विचारत आले, पण आजवर त्या सगळ्या तारखांमध्ये मी त्याने काय करावं तेच विचारत होते. मला काय हवं ते एकदाही सांगितलं नव्हतं. मास्तरांनासुद्धा मी तुम्ही मला आवडता असं कधी म्हटलं नाही. हे तुझ्या पत्रानंतर लक्षात आलं.

आज ते आले नाहीत. दुपारचे चार वाजले, पाच वाजले. मी दुकान बंद केलं आणि ते ज्या इमारतीत काम करतायत तिथे गेले. अकरा मजले. तळाशी पाटी, 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे'. बंद केलेली त्यांनीच. मी जिना चढले. सातव्या मजल्यावर एका आजोबांनी मला त्यांच्या दारातल्या स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि कुणाकडे आलात विचारलं. मी म्हटलं, लिफ्टकडे. ते म्हणाले, मग चुकीच्या बाजूने आलात.

वर यंत्राची खोली आहे, ठेंगणी, तेलाच्या वासाची, वाकून आत जावं लागतं. ते गुडघ्यांवर बसून काहीतरी पुसत होते. मला बघून उठले ते डोकं आपटूनच. मी सहा वाक्यं पाठ करून आले होते. धापेत सगळी गेली. उरलं तेवढं बोलले.

"तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. चालेल म्हणून नाही, मला हवं आहे."

ते अवजारांच्या पेटीवर बसले. हातातल्या चिंधीची घडी केली. मग म्हणाले, "मी सोमवारी हो कळवलं."

मी विचारलं, पंधरा तारीख होती ना? तर म्हणाले, मी तुम्हाला विचारलं, तुम्ही काहीही चालेल म्हणालात. मला वाटलं, तुम्ही सभ्यपणे नको म्हणताय. मी तेच करतो ना, म्हणून ओळखता आलं.

म्हणजे बघ. त्यांनी चुकीचा चष्मा निमूट घातला तेव्हा मी त्यांना झापलं, आणि मी तसंच वागले तेव्हा आईने मला शहाणी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

धाकटे, माझ्याकडे सगळं तयार होतं. कुणाला फोन करायचा, काय कारण द्यायचं, कुठलं वाक्य आधी. मी फोन करते म्हणून हात पुढेसुद्धा केला होता. आणि मला तुझं जेवणाचं टेबल दिसलं, तुझ्या नवऱ्याचं अर्धं ताट दिसलं. मी हात मागे घेतला.

मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही. मला काय हवं ते सांगितलं. तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच बघा."

ते म्हणाले, विचार करून सांगतो. मास्तरांचं वाक्य, शब्दन्‌शब्द तेच. कुठल्या तारखेपर्यंत, असं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. अकरा मजले उतरले. आई विचारतेय कुठे होतीस, मी तिला सांगितलं की मी शब्द मोडला. तिने तेल गरम करून आणलं आणि माझ्या पोटऱ्या चोळत बसली.

मी काय बोलले त्याचा पश्चात्ताप नाही. भीती मात्र खूप आहे. तू तिथे कपडे फिरताना बघत बसली होतीस तेव्हा तुला अशीच वाटली होती का?

ताई

२९ मार्च, रविवार

धाकटे,

दोन गुरुवार कोरडे गेले. मी एकदाही फोन केला नाही. एकदाही. आईने दोनदा माझा फोन बंद पडला नाही ना म्हणून बघितलं.

काल शनिवारी, भर दुपारी, दुकानात नऊ माणसं असताना ते आले. बाकावर बसले नाहीत. माझ्यासमोर खुर्चीत एका शाळेच्या बाई बसल्या होत्या, नाकावर चौकट, डोळा झाकलेला. हे त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला तुम्ही हव्या आहात. इस्पितळाला 'येत नाही' म्हणून कळवलं. ते रागावले. मी ऐकून घेतलं आणि परत नाही म्हटलं." मग त्या बाईंना म्हणाले, माफ करा, तुमचा खोळंबा केला.

हे एवढं बोलायला त्यांना सोळा दिवस लागले. नाही म्हणायचा फोन चार वेळा लावून चार वेळा ठेवला होता. तिथे नवीन माणूस मिळेपर्यंत दोन महिने जाऊन काम करून द्यायचं त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. मला न विचारता. मला ते आवडलेलं नाही आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ठरलंय माझं. मला राग आला आणि इतका आनंद झाला की दुसऱ्या डोळ्याचा नंबर काढायला मी बाईंना सोमवारी बोलावलं.

आज सकाळी ते गेले. जूनच्या वीस तारखेला सरकारी कचेरीत सही करायची आहे. तारीख त्यांनी सांगितली.

आता तुझं. त्या रविवारी मी तुझ्या जागी बोलले. तुला काय हवंय ते तुला विचारलं नव्हतं, आणि तू सांगितलंस तेव्हा ऐकलं नाही. मी तुझ्या नवऱ्याचा अपमान केला आणि तुझ्या लग्नाचाही, ज्याच्यासाठी तू माझ्यापेक्षा जास्त धीर दाखवला होतास. धाकटे, मला माफ कर. त्याचीही माफी मागायची आहे, वेगळं पत्र सोबत ठेवलंय. त्याला द्यायचं की नाही ते तू बघ.

तुझ्या चार पानांत तू भेटण्याबद्दल काही लिहिलं नाहीस. ते माझ्या लक्षात आलंय. तिकीट काढून पाठवायचं माझ्या मनात आलं होतं, तुझ्या खोलीत नवीन चादर घालायचंही. दोन्ही केलं नाही.

वीस जूनला मला तू तिथे हवी आहेस. साक्षीदार म्हणून सहीला, आणि नसेल सही करायची तर नुसतं शेजारी उभं राहायला. चार वर्षं मला तू रोज हवी होतीस आणि मी एकदाही तसं म्हटलं नाही. मला एवढंच हवं आहे. तुला काय हवं ते मला माहीत नाही. तू ये म्हणालीस तर आधी मी तिकडे येईन, अजून नको म्हणालीस तर थांबेन.

आई आत्ताच दारात येऊन उभी राहिली. कुणाला लिहितेयस ते तिला केव्हाच कळलेलं दिसतंय. विचारतेय, "येते म्हणाली का?"

मी म्हटलं, आई, अजून मी तिला विचारतेच आहे.

ताई